शाळासोबती : फ्रँकफर्टच्या एका कुटुंबाची गोष्ट

वाचकहो, तुमच्या फोनवर दहावीच्या वर्गाचा ग्रुप असेलच. आपण फ्रँकफर्टमध्ये सकाळी सातला डोळे चोळत फोन हातात घेतो, तेव्हा तिकडे साडेअकरा वाजलेले असतात. सुप्रभात, गुलाबाची फुलं, कुणाच्या नातवाचं बारसं असं सगळं बघत खाली जावं, तर कधीतरी एखादा हार घातलेला फोटो येतो. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आपणही एक जोडतो आणि यु-बान पकडायला निघतो.

यंदा आमच्या वर्गातला एक जण असाच गेला. गेल्या दिवाळीत त्याने मला लिहिलं होतं, "धाकट्याला तुमच्या जर्मनीत शिकायला पाठवावं म्हणतोय. जरा माहिती सांगशील का?" मी उत्तर दिलं, "रविवारी निवांत बोलू." मग ते राहून गेलं, आणि वैशाखात त्याचा फोटो आला. गावी जाऊन खांदा देणं शक्य नव्हतं. भेटायला जायला तरी कुठे जाणार? त्या दिवशी कामावरून मी डोर्नबुश स्टेशनवर उतरलो आणि उगाच चालत राहिलो. चालता चालता गांगहोफर श्ट्रासवरच्या २४ नंबरच्या घरापाशी पोचलो. तिथे एक पाटी आहे. अ‍ॅन फ्रँकचं कुटुंब या घरात राहत होतं, असं ती सांगते.

अ‍ॅन फ्रँकची डायरी तुमच्यापैकी बहुतेकांनी मराठीत किंवा इंग्रजीत वाचली असेल, आणि आपल्या मुलांना ती इथल्या शाळेत भेटते. पण ही मुलगी मूळची आपल्या फ्रँकफर्टची, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. १२ जून १९२९ रोजी ती इथे जन्मली. आधी मारबाखवेगवर आणि मग गांगहोफर श्ट्रासवर हे कुटुंब भाड्याने राहिलं. तिच्या घरच्यांची गोष्ट मी पुन्हा वाचली, ती या वेळी शाळासोबत्यांच्या बाजूने. ती अशी आहे.

बापाचा मित्र

अ‍ॅनचे वडील ओटो फ्रँक हेही फ्रँकफर्टचेच. १८८९ सालचा जन्म. इथल्या लेसिंग गिम्नाझियममधून १९०८ मध्ये ते आबिटुर झाले. ही शाळा आजही आहे. पुढे थोडे दिवस ते हायडेलबर्गला शिकायला गेले. तिथे त्यांची एका अमेरिकन मुलाशी गट्टी जमली. तो स्ट्राउस घराण्यातला, पुढे नेथन स्ट्राउस धाकटा म्हणून ओळखला गेला. त्याच्या वडिलांची न्यूयॉर्कच्या मेसीज या प्रचंड दुकानात मालकी होती. त्या ओळखीवर ओटो न्यूयॉर्कला जाऊन तिथे कामही शिकून आले. मग दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ओटो पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढले, नंतर धंदा, लग्न, दोन मुली. स्ट्राउस अमेरिकेत मोठ्या सरकारी हुद्द्यावर पोचला.

३० जानेवारी १९३३ ला हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ओटोंनी फ्रँकफर्ट सोडलं. अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊन त्यांनी नव्याने धंदा मांडला. मागून पत्नी एडिथ आणि थोरली मार्गो गेली. चार-साडेचार वर्षांची अ‍ॅन सर्वांत शेवटी, फेब्रुवारी १९३४ मध्ये पोचली. मुलींनी डच भाषा भराभर उचलली, आईला मात्र ती जड गेली. हे वाचून तुमच्या घरातलं काही आठवलं का?

मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या. पळून आलेल्यांच्या मागे तेच राज्य पुन्हा आलं. आता अमेरिकेला जायचं, तर जामीन हवा, अनामत रक्कम हवी, ओळख हवी. ३० एप्रिल १९४१ रोजी ओटोंनी आपल्या जुन्या मित्राला पत्र लिहिलं. हायडेलबर्गच्या दिवसांना तेहतीस वर्षं झाली होती. त्यांनी पाच हजार डॉलर्सच्या अनामतीची मदत मागितली, मुख्यतः मुलींसाठी. दुसरं कुणी विचारण्यासारखं नाही, हेही मोकळेपणाने लिहिलं. स्वाभिमानी माणसाला असं पत्र लिहिताना काय वाटलं असेल, ते ज्याने कधी मित्रापुढे हात पसरला आहे त्यालाच कळेल.

स्ट्राउसने हात झटकले नाहीत, "रविवारी बोलू" असंही म्हटलं नाही. तो आणि त्याची बायको खरोखर खटपटीला लागले. पण त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने नियम आवळले. जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात जवळचे नातलग असतील, तर व्हिसा मिळणं जवळजवळ अशक्य झालं. जुलैपर्यंत त्या मुलखातल्या अमेरिकी वकिलातीही बंद झाल्या. मग क्यूबामार्गे जायचा प्रयत्न झाला. १ डिसेंबर १९४१ ला एकट्या ओटोंचा क्यूबाचा व्हिसा मंजूर झाला. दहाच दिवसांनी जर्मनीने अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं आणि तोही रद्द झाला. ही सगळी पत्रं न्यूयॉर्कच्या एका जुन्या फायलीत पडून होती. यिवो या संस्थेने ती २००७ मध्ये लोकांसमोर आणली.

मित्र वाचवू शकला नाही. पण त्याने उत्तर दिलं. ही गोष्ट लहान समजू नका.

मुलीच्या मैत्रिणी

आता पुढची पिढी. १९४१ मध्ये फर्मान निघालं की ज्यू मुलांनी वेगळ्या शाळेत जायचं. त्यामुळे अ‍ॅन आणि मार्गो ज्यू लायसियममध्ये गेल्या. तिथे अ‍ॅनच्या वर्गात हाना गोस्लर होती. ती बर्लिनहून आलेली, बालवर्गापासूनची मैत्रीण. जॅकलीन फान मार्सेन होती, नानेट ब्लिट्झ होती, मॉरिस कोस्टर नावाचा मुलगा होता.

यांच्या आठवणीतली अ‍ॅन पुतळ्यातल्या अ‍ॅनसारखी नाही. ती अखंड बडबडे. गणिताच्या मास्तरांनी वैतागून तिला "बडबडी" याच विषयावर निबंध लिहायची शिक्षा दिली होती. हानाची आई म्हणायची, देवाला सगळं कळतं, पण अ‍ॅनला त्याहून जास्त कळतं. मैत्रिणींत रुसवेफुगवे होते, मत्सर होता, कट्टी होती. तुमच्याआमच्या आठवीच्या वर्गासारखंच सगळं.

जून १९४२ मध्ये अ‍ॅनच्या तेराव्या वाढदिवसाला वर्ग तिच्या घरी जमला. ६ जुलैला फ्रँक कुटुंब नाहीसं झालं. हाना त्यांच्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आणायला गेली, घरी स्ट्रॉबेरीचा जाम करायचा होता. घरातल्या भाडेकरूने सांगितलं, ते स्वित्झर्लंडला गेले. मैत्रिणींनी ते खरं मानलं. अ‍ॅन सुखरूप आहे, या समाधानात त्या राहिल्या. प्रत्यक्षात ती त्याच शहरात, वडिलांच्या कचेरीमागच्या जागेत दडून होती आणि जॅकलीनला कधीही न पोचणारं निरोपाचं पत्र डायरीत लिहीत होती.

वर्गातले एकेक बाक रिकामे होत गेले. जून १९४३ मध्ये हाना पकडली गेली आणि पुढे बेर्गन-बेल्झनच्या छावणीत पोचली. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिला कळलं की कुंपणापलीकडे अ‍ॅन आहे. कुंपणात गवत कोंबलेलं, त्यामुळे दिसत काही नव्हतं, नुसता आवाज. स्वित्झर्लंडला असायची ती मैत्रीण पलीकडून रडत सांगत होती की तिचं आता कुणी उरलं नाही आणि खायला काही नाही. हानाने सोबतच्या बायकांकडून तुकडा-तुकडा गोळा करून पुडकं बांधलं आणि रात्री कुंपणावरून फेकलं. ते दुसऱ्याच बाईने पळवलं. अ‍ॅनचा आक्रोश हानाने ऐकला. पुन्हा गोळाबेरीज केली, पुन्हा फेकलं, आणि ते अ‍ॅनच्या हाती पडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मार्गो आणि अ‍ॅन दोघी गेल्या. १५ एप्रिलला छावणी मुक्त झाली.

अ‍ॅनला वाटत होतं की वडीलही गेले. पण ओटो आउशवित्झमधून जिवंत सुटले होते. आपला बाप आहे हे तिला कळलं असतं, तर जगायचं बळ मिळालं असतं, असं हाना पुढे आयुष्यभर म्हणत राहिली. एक बातमी वेळेवर न पोचल्याचं हे दुःख आहे.

मागे उरलेले

या गोष्टीतला मला सर्वांत भिडणारा भाग यापुढचा आहे. वाचलेल्यांच्या यादीत ओटोंना हानाचं नाव दिसलं, तेव्हा ते तिला शोधत मासट्रिख्टच्या इस्पितळात गेले. तिचे आईवडील दोघेही राहिले नव्हते. स्वतःच्या दोन्ही मुली गमावलेल्या या माणसाने मुलीच्या मैत्रिणीची काळजी घेतली, तिच्या उपचारांसाठी स्वित्झर्लंडला जाण्याची सोय केली. जॅकलीनला त्यांनी तिच्या नावाचं ते न पोचलेलं पत्र दाखवलं.

हाना १९४७ मध्ये जेरुसलेमला गेली आणि परिचारिका झाली. नानेट ब्राझीलला साओ पाउलोत स्थायिक झाली. जॅकलीन अ‍ॅम्स्टरडॅमलाच राहिली, पुस्तकबांधणीची कारागीर झाली. आपण अ‍ॅनची मैत्रीण होतो, हे ती कितीतरी वर्षं जाहीरपणे बोलली नाही. लपून राहताना घेतलेलं थिओ हेच नाव मॉरिसने पुढे ठेवलं. तो इस्रायलला गेला आणि बायकोबरोबर खेळ तयार करू लागला. मुलांनो, तुमच्या कपाटात "व्हेर इस्ट एस?" असेल ना? प्रश्न विचारत एकेक चेहरा आडवा करत जायचा, तो खेळ? तो या दोघांनी तयार केलेला.

याच थिओ कोस्टरने ऐंशीच्या घरात आल्यावर जुन्या वर्गातल्या पाच जणांना शोधून काढलं. अ‍ॅम्स्टरडॅमला ते पुन्हा भेटले, एकमेकांना विचारत राहिले, आणि त्यावर २००८ मध्ये माहितीपट झाला. अ‍ॅनबद्दल जगाने आधीच खूप लिहिलं होतं. पण तिच्याशी कट्टी घेतलेले लोक हेच. त्यांनी तिला पुन्हा तेरा वर्षांची, बडबडी, हट्टी मुलगी करून आपल्या हाती दिलं. थिओ २०१९ मध्ये गेला, हाना २०२२ मध्ये. तोवर दोघं सांगत राहिले.

आपलं काय?

आपल्या नशिबात छावण्या नाहीत. त्यांच्या दुःखाशी आपल्या दुःखाची बरोबरी करायचीही नाही. पण गाव सोडून परमुलखात आलेल्या माणसाला शाळासोबती का लागतात, ते या गोष्टीतून कळतं. आपण कोण झालो, हे इथल्या शेजाऱ्यांना माहीत आहे. आपण कोण होतो, हे फक्त त्यांना माहीत आहे. म्हणून मला वाटतं, वर्गसोबत्याची दोन देणी असतात. तो जिवंत आहे तोवर त्याच्या हाकेला ओ द्यायची, जमेल तेवढं करायचं आणि नाही जमलं तरी उत्तर द्यायचं. तो गेल्यावर, तो कसा होता ते त्याच्या माणसांना सांगायचं. जोडलेल्या हातांच्या खुणेने यातलं काहीच फिटत नाही.

इथे जन्मलेल्या मुलांनो, तुमचे वर्गसोबती इथेच आहेत, बोर्नहाइममध्ये, एशबोर्नमध्ये. उद्या तेही पांगतील. आत्ता ज्यांच्याशी भांडता, त्यांचे नंबर जपून ठेवा. आणि आईबाबा त्या ग्रुपवर फोटो बघून गप्प बसले, तर विचारा, "हे कोण होते?" ते सांगतील. कदाचित बराच वेळ सांगतील.

मी माझं पहिलं देणं चुकवलं. दुसरं उरलं होतं. गणपतीत मी मित्राच्या धाकट्याला फोन केला. प्रवेशाची, ब्लॉक खात्याची, राहण्याच्या खोलीची माहिती दिली. ती वीस मिनिटांत संपली. मग तो थोडं थांबून म्हणाला, "काका, बाबा शाळेत कसे होते हो?"

मी त्याला सांगितलं, की त्याचे बाबा सातवीत असताना मधल्या सुट्टीत चिंचा पाडायला माझ्या खांद्यावर चढले होते आणि आम्ही दोघंही हेडमास्तरांच्या पुढ्यात पडलो होतो. फोन सव्वा तास चालला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

शुभ दीपावली. आणि हा अंक खाली ठेवलात, की तो राहिलेला फोन करा.