लाख, आळिता व विद्युद्रोध

जालना जिल्हा १९८१ सालीं औरंगाबादेपासून निराळा झाला. त्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें गांव श्रीसमर्थ रामदासस्वामींचें जन्मस्थान (शके १५३०, इ. स. १६०८) होय, हें वाचकांस सांगावयास नकोच. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. त्यांत लेखकानें संग्रहीं ठेवावयाच्या जिनसांत हिंगुळाबरोबर आळित्याचाहि उल्लेख आहे. हिंगुळ संग्राहकांस सहज ओळखूं येतो. आळित्याकडे मात्र आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं.

आळिता म्हणजे लाखेचा तांबडा रंग. पळस, बोर, कुसुंब इत्यादि झाडांच्या कोंवळ्या फांद्यांतील रस शोषून एक बारीक किडा आपल्या अंगाभोंवतीं राळेचें कवच करतो. तें खरवडून, कुटून धुतलें म्हणजे तांबडा रंग पाण्यांत उतरतो व मागें लाख राहते. अर्थात् एकाच कवचांतून लिहिण्याचा रंग व पत्र बंद करण्याची लाख अशा दोन वस्तु निघतात. लखोटा हा शब्दहि लाखेवरूनच आला असावा, असें आम्हांस वाटतें.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. डिंक व राळ या एकच वस्तु नव्हेत. डिंक पाण्यांत विरघळतो. लाख नुसत्या पाण्यांत विरघळत नाहीं, मद्यार्कांत विरघळते. बाभळीच्या डिंकानें बांधलेली काजळी शाई ओल लागतांच पसरते, हा अनुभव ज्यानें पावसाळ्यांत दप्तर सोडलें आहे त्यास आहेच. उलट टाकणखार व लोध घालून उकळलेल्या लाखेच्या पाण्यांत काजळ खललें असतां पक्की शाई होते. पाण्यास दाद न देण्याचा हा गुणच पुढें विजेच्या कामीं उपयोगी पडला. कारण ओल शिरली कीं विजेस वाट मिळते.

फॅरडे यानें १८३७ सालच्या सुमारास विद्युत्प्रेरणेचे जे प्रयोग केले, त्यांत विद्युद्रोधक म्हणून लाख वापरली होती. पुढें यंत्रांतील तारांच्या वेटोळ्यांस लाखेचें रोगण देण्याची व अभ्रकाचे पापुद्रे लाखेनें जोडून पत्रे करण्याची रीत पडली. लाखेस पर्याय शोधतांना बेकलंड यानें १९०७ सालीं बेकेलाइट बनविलें, आणि कृत्रिम राळांनीं लाखेची जागा हळूहळू घेतली. मात्र या कृत्रिम राळा सहजासहजीं कुजत नाहींत. २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत्-कचरा निघाला; त्यांतील सुमारें २२ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आणला गेल्याची नोंद आहे. म्हणून शोधकांची दृष्टि पुन्हां लाखेकडे वळली. ऑस्ट्रियांतील लिंझ येथील संशोधकांनीं २०१३ सालीं लाखेचाच पाया व लाखेचाच रोधक थर घेऊन ट्रान्झिस्टर करून दाखविले. लाख उष्णतेनें लवकर मऊ होते, तेव्हां तापणाऱ्या यंत्रांस ती चालणार नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

यावरून आमच्या पूर्वजांस विद्युच्छास्त्र अवगत होतें, असें अनुमान कोणी काढील तर तें सर्वथा निराधार होय. त्यांस ठाऊक होता तो पदार्थाचा गुण. त्याचें कारण व विजेशीं त्याचा संबंध पुढें दुसऱ्यांनीं शोधला. इतकें श्रेय खरें आहे, व तेवढें पुरेसें आहे.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, लाखेची मोहोर मद्यार्कानें पुसूं नये व उन्हांत ठेवूं नये. आणि पोथीची नोंद करतांना ‘तांबडी शाई’ एवढ्यावर न थांबतां ती हिंगुळाची कीं आळित्याची, हें तज्ज्ञाकडून ठरवून लिहावें. मोहोर एकदां विरघळली कीं तिच्यावरील अक्षरें पुन्हां वाचावयास मिळत नाहींत.