‘गुलाम’ : एका शब्दाचे वय

अरबी भाषेत ‘गुलाम’ म्हणजे मूळचा मुलगा, किशोर. पुढे हाताखालच्या सेवकालाही तेच नाव मिळाले आणि विकत घेतलेल्या दासालाही. असा दास वृद्ध झाला, तरी हाक मारणाऱ्याच्या लेखी तो ‘मुलगा’च राहिला.

फारसीच्या वाटेने हा शब्द भारतात रुजला. १२०६ मध्ये सत्तेवर आलेला कुत्बुद्दीन ऐबक हा मुहम्मद घोरीचा गुलाम; म्हणून त्याच्यापासूनच्या सुलतानांना आपण ‘गुलाम घराणे’ म्हणतो. ‘गुलाम मुहम्मद’ यांसारख्या नावांत तोच शब्द भक्ताचा विनय झाला. पत्त्यांत तो राजाराणीखालचे पान झाला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले, तेव्हा शब्दातला किशोर पार लोपला होता. उरले होते ते दास्य.

मराठीतल्या ‘पोऱ्या’चा प्रवासही याच दिशेचा आहे. पोर म्हणजे लेकरू. चहाच्या दुकानातला ‘पोऱ्या’ मात्र मिशा फुटल्या तरी पोऱ्याच. याला केवळ अर्थापकर्ष म्हणून भागणार नाही. ज्याच्यावर हुकूम चालवायचा, त्याचे प्रौढपण समाज आधी नाकारतो. शब्दाचा अर्थ त्यामागून बदलतो.