उशिरा चालणारी मुले आणि त्यांचे कान

मूल सव्वा-दीड वर्षाचे झाले तरी पाऊल टाकीना, म्हणजे आपण काय करतो? पांगुळगाडा आणतो, पायांना तेल चोळतो. बीड जिल्ह्यातल्या कड्याला जा की मुंबईला, दोष जातो तो पायांकडे. कानाकडे पाहावे हे सहसा सुचत नाही.

१७९१ साली इटलीतील बोलोन्या शहरी कार्लो मोंदिनी या शरीरशास्त्रज्ञाने आठ वर्षांच्या एका बहिऱ्या मुलाचे कान मृत्यूनंतर तपासले. गाडीचे चाक लागून पायाची जखम चिघळली होती आणि पोर त्यातच दगावले होते. कानातल्या शंखाला अडीच वेढे असायचे, तिथे दीडच निघाला! आतला कान जन्मतःच अपुरा घडू शकतो, हे तेव्हा दिसले. परंतु त्याच कानात तोलाचेही बिऱ्हाड आहे, ही गोष्ट पुढची. १८२४ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लूरांसने कबुतराच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापल्या. कबुतराला ऐकू येत राहिले, पण त्याची मान झोके घेऊ लागली आणि तोल पार गेला.

माझ्या मते खरी बोलकी हकीकत १८८२ ची आहे. अमेरिकेत विल्यम जेम्सने ५१९ मूकबधिरांची माहिती जमवली; गरागरा फिरवले तरी त्यांतल्या १८६ जणांना मुळीच भोवळ येईना. हार्वर्डच्या सुमारे २०० विद्यार्थी-शिक्षकांत असा एकच सापडला. फुगडी थांबली तरी घर फिरतच राहते ना? कानाच्या नळ्यांतला द्रव अजून वाहत असतो, म्हणून. ज्याच्या नळ्याच निकामी, त्याला कसली भोवळ?

असे बाळ मान उशिरा धरते, उशिरा बसते, दीड वर्ष उलटून गेल्यावर चालते. चांगले चालणारे मूलही मेंदूज्वराने बहिरे झाल्यावर पुन्हा धडपडू लागते. पुढे डोळे आणि तळपाय कानाचे काम उचलतात आणि मूल चालते-पळतेही. मग घरच्यांना वाटते, संपले! बहिरेपण मात्र तसेच राहते, आणि बोलणे शिकण्याची वर्षे निघून जातात.

मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ मध्ये निघाली. श्रवणदोषाची राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये आली. आता तर बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत यंत्राने कान तपासता येतात. पण आष्टी तालुक्यातली, म्हणजे कड्याच्या बाजूची, कितीतरी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. बाळाचे बसणे-रांगणे कारखान्याच्या कोपीवर होते. तपासणीची तारीख गावात, बाळ फडावर! निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा : हे बसत नाही, याचे कान पाहिलेत का?

आणखी एक. जेम्सला काही बहिऱ्यांनी कळवले होते की, पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे नि खाली कुठे हेच समजत नाही. आपल्याकडे पोरे विहिरीत पोहायला शिकतात. बहिऱ्या मुलाला शिकवायचे तर दिवसाउजेडी, उथळ पाण्यात, आणि जाणते माणूस हाताच्या अंतरावर ठेवून.