निष्ठा कोणाशी?

धन्याच्या मिठाला जागणे हा शिपायाचा धर्म मानला गेला. धन्याचा शिपायाप्रती धर्म कोणता, हे मात्र कोणी सांगितले नाही. महार सैनिकांचा इतिहास हा अशा एकतर्फी निष्ठेचा इतिहास आहे.

1795 मध्ये खर्ड्याच्या रणांगणावर शिदनाक महार पेशव्यांच्या बाजूने निजामाविरुद्ध लढला. त्याच पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांचा स्पर्श विटाळ मानला जात होता. 1 जानेवारी 1818 रोजी पुण्यानजीक कोरेगाव भीमा येथे महार शिपाई कंपनीच्या फौजेतून पेशव्यांच्या सैन्याशी झुंजले. तेथील जयस्तंभावरील मृतांच्या नावांपैकी 22 नावांच्या अंती 'नाक' हा प्रत्यय आहे. यास कोणी स्वामिद्रोह म्हणेल. परंतु ज्याने सेवकाला माणूस मानले नाही, त्याचा द्रोह तो कसला?

नवा धनीही कृतघ्नच निघाला. 1890 च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. महायुद्धाची निकड भासताच 1917 मध्ये '111 महार' पलटण उभारण्यात आली आणि 1921 मध्ये मोडण्यातही आली.

1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयस्तंभापाशी आले, ते या दोन्ही अनुभवांनंतर. धनी बदलल्याने दास्य संपत नाही. निष्ठा स्वाभिमानाशी जडावी, हाच या शिलालेखाचा आपल्यासाठी अर्थ आहे.