पाण्यावरची एका रेणूची साय

कापराचा बारीक खडा स्वच्छ पाण्यावर टाकला की तो गरगर फिरू लागतो. त्याच पाण्याला समईच्या तेलाचे बोट लागले की जागच्या जागी थबकतो. हा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी केलेला असेल. आज 'नॅनो' या नावाने जे मोठे शास्त्र उभे आहे, त्यातल्या एका महत्त्वाच्या शाखेचा इतिहास अशाच कापराने आणि तेलाने सुरू झाला. त्या शाखेला स्वयंरचना म्हणतात. शाडूची मूर्ती मूर्तिकार बोटांनी घडवतो. स्वयंरचनेत रेणूच आपापली जागा शोधून ओळीने उभे राहतात. माणसाने फक्त तशी परिस्थिती निर्माण करायची. हे 'फक्त' किती अवघड असते, ते पुढे दिसेलच.

सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनपासून करावी लागते. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर त्यांनी चमचाभर तेल ओतले. वाऱ्याने उठलेल्या लाटा शमल्या आणि तेल पसरत पसरत सुमारे अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे, पाणी आरशासारखे झाले. १७७४ साली हा वृत्तान्त छापून आला. चमचाभर तेलाला वीस गुंठ्यांनी भागले तर थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट येते. एवढे साधे गणित फ्रँकलिन यांनी मांडले नाही, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

ते गणित शंभरावर वर्षांनी, १८९० मध्ये, लॉर्ड रॅले यांनी केले. ८४ सेंटीमीटर व्यासाच्या न्हाणीच्या टबात पाणी भरून त्यांनी कापूर सोडला आणि त्याचे नाचणे थांबायला किती ऑलिव्ह तेल लागते ते तोलून पाहिले. एक मिलिग्रॅमही लागले नाही. थराची जाडी निघाली सुमारे १.६ नॅनोमीटर. नॅनोमीटर हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. माप मात्र झाले होते.

पण याच विषयावर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी एका घरात दहा वर्षे आधीपासून काम चालू होते, हे रॅले यांना ठाऊक नव्हते. अ‍ॅग्नेस पॉकल्स यांचा जन्म १८६२ चा, व्हेनिसचा. मुलींच्या शाळेत शिकताना भौतिकशास्त्राची गोडी लागली. पण विद्यापीठाचे दार त्या काळी मुलींना बंद होते. धाकटा भाऊ फ्रिडरिश मात्र ग्योटिंगेनला गेला. तोच पुढे बहिणीला पुस्तके पुरवू लागला. आईवडील आजारी, घरची सारी जबाबदारी अ‍ॅग्नेसवर. खरकटी भांडी धुताना पाण्यावर तवंग येतो आणि पाण्याचे वागणे बदलते, हे कोणत्या गृहिणीने पाहिलेले नसते? त्यांनी ते मोजायचे ठरवले.

त्यांचे साधन पाहण्यासारखे आहे. पत्र्याची लांबट उथळ कुंडी : ७० सेंटीमीटर लांब, ५ रुंद, २ उंच. ती काठोकाठ भरायची. वर दीड सेंटीमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी अशी आडवी ठेवायची की तिचा तळ पाण्याला टेकेल आणि पृष्ठभागाचे दोन भाग होतील. पट्टी सरकवली की एका बाजूचा तवंग दाटतो, दुसरीकडचा विरळ होतो. मग सहा मिलिमीटरची चकती पाण्याला टेकवून ती सोडवायला किती वजन लागते ते तराजूने मोजायचे. बस, एवढेच.

आमच्या मते यातली खरी करामत पट्टीत आहे. पाण्यावर काय आहे हे मोजायचे तर आधी काहीच नसलेले पाणी हवे. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावरही बोटांचा, हवेतल्या धुळीचा अंश असतो. पट्टी फिरवून पृष्ठभागच झाडून काढायचा, ही युक्ती रोज घर झाडणाऱ्या बाईला सुचली, यात आश्चर्य नाही. ती प्राध्यापकांना सुचली नव्हती, याचे थोडे आहे.

रॅले यांचे काम वाचनात आल्यावर १० जानेवारी १८९१ रोजी अ‍ॅग्नेसबाईंनी त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिले. लेडी रॅले यांनी त्याचे भाषांतर केले. रॅले यांच्या मनाचा मोठेपणा असा की, 'माझ्याही आधी हे झाले आहे' हे उमगताच त्यांनी ते पत्र 'नेचर' नियतकालिकाकडे छापण्यासाठी धाडले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते आले. पदवी नसलेल्या, एकोणतीस वर्षांच्या बाईचे हे पहिले शास्त्रीय लेखन!

पुढे १९१७ साली अमेरिकेच्या अर्विंग लँगम्यूर यांनी हीच कुंडी सुधारून घेतली आणि एक सुंदर गोष्ट दाखवली. स्टिअरिक आम्लासारख्या रेणूचे डोके पाण्याला चिकटते, शेपूट पाण्यापासून पळते. शेपूट आखूड असो वा लांब, दाटीत उभा राहायला प्रत्येक रेणूला जागा जवळजवळ तेवढीच लागते. याचा अर्थ एकच : मिरवणुकीतल्या गर्दीसारखे सगळे रेणू अंगाला अंग लावून ताठ उभे आहेत. लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल मिळाले. त्यांनी अ‍ॅग्नेसबाईंचे ऋण लेखात मान्य केले होते; तरी कुंडी मात्र जगभर 'लँगम्यूरची' म्हणूनच ओळखली गेली. त्याच १९३२ साली, सत्तरीत, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने अ‍ॅग्नेसबाईंना मानद डॉक्टरेट दिली. तीन वर्षांनी त्या वारल्या.

लँगम्यूर यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी हा थर पाण्यावरून काचेवर उचलला. काच बुडवायची, काढायची. फेरीगणिक थर चढत जातो. १९३८ मध्ये ४४ थर दिलेली काच त्यांनी दाखवली, तिच्यावर प्रकाशाची चकाकी जवळपास उरली नव्हती. लेप मऊ असल्याने पुसला जाई, हा दोष होता; पण एकेका रेणूच्या जाडीने वस्तू बांधता येते हे सिद्ध झाले.

त्यानंतरचा वेग मोठा आहे. १९८३ मध्ये नुझो आणि अलारा यांनी सोन्यावर गंधकयुक्त रेणूंचे असेच थर आपोआप बसवले. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी साबणासारख्या रेणूंच्या जुड्यांभोवती सिलिका जमवून, मग त्या जुड्या जाळून, मधमाशीच्या पोळ्यासारखा सच्छिद्र पदार्थ केला. २००६ मध्ये रोथमंड यांनी डीएनएच्या धाग्याची घडी घालून हसरा चेहरा काढला. प्रत्येकावर स्वतंत्र लेख होईल.

पाणीपुरवठ्याच्या कामात डिप्लोमावर शिरलेल्या आम्हा मंडळींना मात्र दुसरीच गोष्ट खुणावते. उन्हाळ्यात तलावाचे पाणी वाफ होऊन जाते. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सेटाइल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थाचा एकरेणवीय थर जलाशयांवर पसरून पाहिला गेला. पुढे भारतातही तसे प्रयोग झाले. शांत पाण्यावर बाष्पीभवन चांगलेच घटते. पण तलाव म्हणजे कुंडी नव्हे. वारा सुटला की ती साय काठाला जाऊन गोळा होते, आणि माणसांना पुन्हा होडी घेऊन निघावे लागते.