राणीची बाग कुणाची?

भायखळ्याला उतरून कुणालाही ‘राणीची बाग कुठे?’ असे विचारा, तो लगेच हात करून दाखवील. कोणती राणी, असे काही तो विचारणार नाही. बागेचे कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. इंग्रजांच्या काळात ते होते व्हिक्टोरिया गार्डन्स. दोन्ही नावे पाटीवर राहिली आणि लोकांच्या तोंडी राहिली ती नुसती राणीची बाग. लंडनची राणी गेली, जिजामाता आल्या, तरी बोलण्यात एका अक्षराचा फरक करावा लागला नाही. मला यात लोकांचा शहाणपणा दिसतो.

या बागेची सुरुवात एका कबरस्तानापासून झाली, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. शेती आणि बागाईत यांची आवड असलेल्या मंडळींची एक संस्था मुंबईत होती. तिची बाग शिवडीला होती. ती जागा युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली आणि संस्थेला भायखळा-माझगावच्या बाजूला नवी जमीन मिळाली. तिथे उभी राहिलेली बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते खुली झाली. मुंबईत तेव्हा कापसाचा पैसा वाहत होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि तिथला कापूस अडल्याने इंग्लंडच्या गिरण्या आपल्या कापसावर चालत होत्या. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले आणि भले भले सावकार रस्त्यावर आले. बागेला लागून असलेल्या वस्तुसंग्रहालयाची इमारत त्यामुळे रखडली. ती खुली व्हायला १८७२ साल उजाडले. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, बाग नगरपालिकेच्या ताब्यात गेली. शौकिनांची बाग शहराची झाली ती तेव्हापासून.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण आज फार सहज वापरतो. त्या काळच्या मुंबईत माणसाचे राहणे, पाणी भरणे, जेवणे, सगळे जातीने आणि मोहल्ल्याने ठरत असे. अशा गावात कुणीही येऊन बसावे अशी जागा निघणे ही लहान गोष्ट नव्हती. चर्नी रोडच्या बागेची हकिगत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा एक मुलगा संध्याकाळी त्या बागेत एकटाच वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलचे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला हेरले, चौकशी केली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडून शिष्यवृत्ती मिळवून द्यायला मदत केली. ही भेट एखाद्या वाड्यात झाली नसती. देवळात तर नाहीच नाही. ती व्हायला बागेतले बाकच हवे होते.

आता पुन्हा भायखळ्याला येऊ. राणीची बाग म्हणजे प्राणी, असे आपल्या डोक्यात बसले आहे. पण प्राणी इथे नंतर आले. मुळात ही झाडांची बाग. आज तिथे अडीचशेहून अधिक जातींची सुमारे तीन हजार झाडे आहेत. आफ्रिकेची गोरखचिंच आहे, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे आणि ब्रह्मदेशाची उर्वशी आहे. थंडी सरताना उर्वशीचे लालबुंद फुलोरे खाली लोंबतात. कवितेत उर्वशी पुष्कळांनी आणली, झाडावरची उर्वशी पाहिलेले कवी मला फार थोडे भेटले! या बागेच्या उभारणीत ज्याचा मोठा वाटा होता त्या डॉ. जॉर्ज बर्डवुडने सोमालियाच्या किनाऱ्यावरून आलेली लोबानाची झाडे इथे वाढवली आणि त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. गुरुवारी संध्याकाळी घरात लोबान फिरवणाऱ्या माझ्या अम्मीला हे सांगितले असते तर तिने बागेलाही सलाम केला असता.

आमच्यासारख्यांच्या घरी या बागेचे दिवस ठरलेले होते. ईदचा दुसरा दिवस, ज्याला आम्ही बासी ईद म्हणतो, तो राणीच्या बागेचा. नागपाड्याकडून, मदनपुऱ्याकडून, डोंगरीकडून बायामुले नव्या कपड्यांत निघायची. डब्यात आदल्या दिवशीची बिर्याणी आणि शीरखुर्मा. एरवीच्या रविवारी लालबाग-परळची गिरणीतली कुटुंबे यायची, त्यांच्या डब्यात चपाती आणि सुके बोंबील. एकाच झाडाच्या सावलीत दोन्ही चटया पडत आणि पोरे हत्तीपुढे एकत्रच उभी राहत. त्याला तेव्हा कुणी ऐक्य वगैरे म्हणत नसे. सावली तेवढी एकच होती.

हत्तीवरून आठवले. वस्तुसंग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे, तो बहुतेक लोक न बघताच पुढे जातात. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ नाव दिले तो हाच. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडून फुटला आणि म्हणून इथेच राहिला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे जोडले गेले. आसपास इंग्रजी अमदानीतले पुतळेही आहेत. १९६५ साली ते शहराच्या चौकांतून काढून इथे आणले गेले. फोर्टातल्या ज्या चौकाला ‘काळा घोडा’ म्हणतात तो मूळचा घोडा, पाठीवरच्या राजपुत्रासकट, इथे आहे. खंडेराव गायकवाडांनी दिलेला व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही इथेच आला, नाक तुटलेला. बडोद्याच्या एका महाराजाने राणीचा पुतळा दिला आणि नंतरच्या महाराजाने भीमरावांना शिष्यवृत्ती. कुठला पैसा सत्कारणी लागला, ते ज्याने त्याने ठरवावे.

या बागेवर दोनदा गंडांतर आले, असे मी मानतो. २००७ साली आंतरराष्ट्रीय थाटाच्या प्राणिसंग्रहालयाची योजना निघाली. तीत जुनी झाडे जातील म्हणून काही नागरिक उभे राहिले. त्यांनी झाडे मोजली, नावे लिहून काढली, समित्यांपुढे फेऱ्या मारल्या आणि आराखडा बदलायला लावला. दुसरे गंडांतर गाजावाजा न करता आले. २०१६ मध्ये पेंग्विन आणले गेले आणि ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपयांची सवलत ठेवली, हे खरे. पण आमच्या घरून ईदला अकरा माणसे निघायची. पेंग्विनना थंड हवा लागते, तिचा खर्च होतो, हे मला कळते. त्या खर्चाचा भार झाडाखाली चटई टाकणाऱ्यावर का, हे मात्र अजून कळलेले नाही.

तरीही जाच, आणि आपल्या बेताने जा. बुधवारी बाग बंद असते. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. रविवार टाळता आला तर टाळा. पोरांना गर्दीच आवडत असेल तर टाळू नका. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा मिनिटे चालले की फाटक येते. बाग उघडताच आत शिरा, म्हणजे पिंजऱ्यांपुढे रांग लागायच्या आत झाडे बघून होतील. एका फेरीत पाचच झाडे पक्की ओळखायची, असे ठरवा. सगळी पाहायला गेलात तर एकही लक्षात राहणार नाही. जानेवारी संपताना एकदा उर्वशीसाठी आणि पावसात एकदा नुसत्या हिरव्यासाठी, असे वर्षाला दोन दिवस ठेवा. वस्तुसंग्रहालयाचे तिकीट वेगळे असते, ते १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने आहे. त्याची वेळ निघण्याआधी विचारून घ्या. आणि घरी म्हातारे कुणी असेल तर त्यांना सोबत न्या. हत्ती कुठे उभा असायचा, आपण कुठे जेवायला बसायचो, हे त्यांना ठाऊक असते.