पैंजणाचा डाग आणि पाण्याचा नळ

हुपरीच्या चांदी कारागिराला विचारा, पैंजण तुटते कुठे? तो सांगेल, बहुधा डागाशी. म्हणजे जिथे दोन कड्या जोडल्या तिथे. जमिनीत पुरलेल्या लांब नळाचेही तसेच आहे.

इतिहास काय सांगतो? औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीला डोंगराकडून पाणी आले, ते भाजलेल्या मातीच्या नळांतून. माती ती काय टिकणार, असे वाटेल. पण तिला गंज चढत नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला पाणी आणले, तेव्हा बांधीव नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या कारंज्यांसाठी सतराव्या शतकात घातलेले ओतीव लोखंडाचे नळ तर तीनशे वर्षे चालले.

तेव्हा माती की लोखंड, एवढ्यावर भागत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. नळ हलतो आणि सांधा उकलतो. आज मिळणारा एचडीपीईचा नळ गंजत नाही, थोडा लवतो, आणि तापवून नीट जोडला तर सांधा एकजीव होतो. जास्त दाबाला डक्टाईल लोखंड बरे. पण त्याला गंजापासून जपावे लागते.

गावात योजना आली की नळाचा भाव जरूर विचारा. पण चर बुजवण्याआधी दाब देऊन सांधे तपासले का, हेही विचारा. गुरुजींनी मुलांना तो उघडा चर दाखवावा. एकदा माती लोटली, की चूक शोधायला सारा रस्ता खणावा लागतो.